मार्सेयच्या रश्श्याचं नाव

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी कुणी ना कुणी मला अडवतंच. "काय नाना, फ्रान्स करून आलात म्हणे! आयफेल टॉवर पाहिला का?" नाही पाहिला. पॅरिसच्या विमानतळावर तीन तास बसलो, तेवढंच माझं पॅरिस. "मग पाहिलं तरी काय?" एक पातेलं पाहिलं, असं मी सांगतो. लोक हसतात, 'नाना म्हणजे ना' म्हणतात आणि पुढची फेरी मारायला निघून जातात. प्रत्येकाला धरून थांबवण्यापेक्षा म्हटलं, एकदा बैठक मारून सगळं लिहूनच काढावं. ज्याला आयफेल टॉवर हवा असेल त्यानं तो मोबाईलवर बघावा.

आधी मी कोण ते सांगतो, कारण त्याशिवाय पातेल्याची गोष्ट कळायची नाही. मी आचारी. पोरीच्या कॉलेजच्या फॉर्मवर 'केटरिंग व्यवसाय' असं लिहिलं होतं, पण खरा शब्द आचारीच. मूळचा सटाण्याकडचा, चाळीस वर्षांपासून नाशकात. लग्नाचं गोड जेवण कुणीही करतं. माझं नाव आहे ते हळदीच्या मटणासाठी. सटाण्यापासून सिन्नरपर्यंत कुठंही विचारा. हजार माणसांचा रस्सा करीन आणि पहिल्या पंगतीच्या वाटीत जेवढी तर्री, तेवढीच शेवटच्या पंगतीत. ही बढाई नाही. बरं, असू द्या बढाई, पण खोटी नाही.

हे काम आम्ही गॅसवर करत नाही. शेतात लांब चर खणायचा, त्यावर पातेली चढवायची आणि खालून बाभळीची लाकडं सारायची. या चुलीला बटण नसतं. आच कमी करायची म्हणजे जळतं लाकूड मागं ओढायचं. रस्सा फुगायला लागतो, मधोमध उकळी फुटते, आणि त्या क्षणाला मी ओरडतो, "फुटली! ओढा!" चार गडी चार बाजूंनी लाकडं ओढतात, रस्सा खाली बसतो, मग निखाऱ्यावर तर्री सावकाश वर येते. दोन श्वास उशीर झाला की तर्री काठावरून उतू जाऊन चरात पडते आणि पातेल्यात नुसतं तिखट पाणी राहतं. म्हणून आमच्यात दंडकच आहे, ही हाळी फक्त मुख्य आचाऱ्यानं द्यायची. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून लाकडाला हात लावायचा नाही.

मला एकच मुलगी, अश्विनी. घरात आशू. तिनं या धुरात येऊ नये असं मला पहिल्यापासून वाटायचं. हॉटेल मॅनेजमेंटला घातलं ते कोट घालून काउंटरमागं उभी राहील म्हणून. पोरगी शिरली ती थेट किचनमध्ये! गंगापूरकडच्या एका वायनरीच्या रेस्टॉरंटमध्ये लागली, तिथून एका वर्षाच्या ट्रेनिंगला म्हणून फ्रान्सात मार्सेयला गेली, त्याला आता पाच वर्षं झाली. तिथं ती माशांचा रस्सा करते. नातेवाइकांना मी सांगायचो, "हॉटेल लाइनमध्ये आहे." त्याच्या पुढचं सांगत नव्हतो.

यंदा नाशकातल्या एका कॉलेजात शिकवायची जागा निघाली. मी ओळखीनं शब्द टाकला, बोलणं झालं, जुलैत हजर व्हायचं ठरलं. आशू फोनवर नुसतं "बघू" म्हणायची. माझी बायको सुमन गुडघ्यांपायी एवढा प्रवास करू शकत नाही. ती म्हणाली, "पाच दिवाळ्या झाल्या. तुम्ही स्वतः जा आणि पोरीला घेऊनच या." मी म्हणालो, "आणतो." बिल्डिंगच्या चार लोकांसमोर म्हणालो. माझ्या परतीच्या तिकिटाबरोबर आशूचंही तिकीट काढून पिशवीत ठेवलं. तिला न विचारता, हेही आता सांगून टाकतो.

बंदरावर

मार्सेय हे समुद्रावरचं गाव. जून संपत आला होता. रात्रीचे नऊ वाजले तरी बाहेर लख्ख ऊन आणि लोक रस्त्यावर टेबलं मांडून आत्ता कुठं जेवायला बसतायत. गावाच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर देऊळ, आणि देवळाच्या शिखरावर बाळाला कडेवर घेतलेली सोनेरी माता. कोळी समुद्रावर जाताना तिच्याकडं बघून जातात. मी हात जोडले. आशू म्हणाली, "नाना, ही त्यांची आहे." मी म्हणालो, "गडावरची देवी आपली आहे, म्हणून परक्या माणसाला दर्शन देत नाही का?"

उतरल्यावर स्टेशनवर मी आशूला पाहिलं तेव्हा आधी तिचे हात पाहिले. केस आखूड केलेले, चेहरा उन्हानं रापलेला, ते सगळं व्हिडिओ कॉलवर दिसलेलं होतं. पण मनगटापासून कोपरापर्यंत पोळल्याच्या खुणा कॉलवर दिसल्या नव्हत्या. माझ्या हातावर आहेत तशाच, त्याच जागी. मला भरून आलं आणि रागही आला. एवढे पैसे भरून शिकवली ती पोळून घ्यायला का, असं तोंडावर आलं होतं, पण पहिल्याच दिवशी कशाला म्हणून गिळलं.

दुसऱ्या सकाळी ती मला जुन्या बंदरावर मासे घ्यायला घेऊन गेली. बाजार म्हणजे धक्क्यावर मांडलेली दहा-बारा टेबलं. ट्रेमध्ये समुद्राचं पाणी, त्यात मासे अजून हलतायत. विकणाऱ्या बायकांचा आवाज असा, की भद्रकालीच्या बाजारात आणून उभ्या केल्या तरी दबायच्या नाहीत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आणि घरी आल्यासारखं वाटलं की माणूस चुकतो.

आपल्याकडं ताजा मासा कसा बघतात? कल्ला उचलायचा, आत लालभडक दिसला की घ्यायचा. एका ट्रेमध्ये तांबडा, थोराड डोक्याचा, अंगभर फाटे फुटलेला एक मासा होता. मांडवात रुसून बसलेल्या जावयासारखं तोंड. आशू म्हणाली, "नाना, हा रास्कास. याच्याशिवाय रस्सा होत नाही. पण याला..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी कल्ल्यात बोट घातलं होतं.

आई गं! विंचू चावला की काय होतं ते मला माहीत आहे, शेतावर दोनदा चावलाय. हा त्याचा थोरला भाऊ. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर विषारी काटे असतात, हे मला बोटातून कळ खांद्यापर्यंत गेल्यावर कळलं. मासेवाली किंचाळली. मला वाटलं शिव्या देतेय, पण तिनं माझं मनगट धरून समोरच्या कॉफीच्या दुकानात फरफटत नेलं आणि सोसवेल तेवढ्या कडक पाण्याच्या बादलीत माझा हात बुडवून धरला. अर्धा तास! सांगून बघितलं, "बाई, पुरे." मराठीत सांगितलं तर ती कशाला ऐकते? शेवटी कळ उतरली. आशूला ती काहीतरी म्हणाली. आशू हसत हसत मला म्हणाली, "त्या म्हणतात, तुझ्या बाबांना सांग, या माशाशी हात मिळवायचा नसतो." उजवा हात भोपळ्यासारखा सुजला, डॉक्टरनं बँडेज बांधलं आणि आठ दिवस काही उचलायचं नाही असं बजावलं.

रेमोंचं स्वयंपाकघर

आशू जिथं काम करते ते रेस्टॉरंट लहानसंच, सोळा-सतरा टेबलांचं. मालक रेमों. पंचाहत्तरीच्या पुढचा, पाठीनं वाकलेला, पण डोळा घारीचा. माझं बँडेज बघून तो इतका हसला की खोकला लागला. मग त्यानं आपला हात पुढं करून बोटांवरच्या जुन्या खुणा दाखवल्या. तिथपासून आमची गट्टी जमली. त्याला मराठी येत नाही, मला फ्रेंच येत नाही, मध्ये आशू.

त्यांनी मला रस्सा पहिल्यापासून दाखवला. आधी कांदा, टोमॅटो, लसूण, बडीशेपेच्या झाडाचा गड्डा, संत्र्याची साल. त्यात लहान काटेरी मासे अख्खे टाकून ठेचायचे, शिजवायचे आणि गाळून घ्यायचे. इथवर ठीक. मग आशूनं डबीतून केशर काढलं. "अगं, केशर? माशात?" आपण केशर कशात घालतो, श्रीखंडात, बासुंदीत. चिमूटभर घालायचं तर बायका दहादा विचार करतात. ही भल्या मोठ्या चिमटीनं घालत होती.

खरं भांडण लागलं ते तेलावरून. मोठ्या आचेवर रस्सा खदखदत होता. मी म्हणालो, "ओढ आता, बारीक कर. तेल वर येऊ दे."

"नाही नाना. इथं उकळी फुटली की आच कमी नाही करायची. पाव तास तशीच जोरात ठेवायची. तेल पाण्यात मिसळून गेलं पाहिजे. मग एकदम खाली."

"तर्री नाही तर रस्सा कसला?"

"इथं वर तेल दिसलं तर नापास," ती म्हणाली. "तुमची उकळी आणि यांची उकळी यात फक्त पाव तासाचं अंतर आहे."

ताटात आला तेव्हा रस्सा आधी वेगळा, त्याबरोबर लसूण चोळलेले पावाचे कडक तुकडे आणि मिरची-लसणाची लाल चटणी. मासे नंतर वेगळ्या ताटात. मी पाव वाडग्यात घेऊन डाव्या हातानं मस्त कुस्करला, वर रस्सा ओतला आणि भुरका मारला. आशूनं डोळे मोठे केले, पण रेमोंनं टेबलावर थाप मारली. त्याचे आजोबा असंच खायचे म्हणे. चव सांगू? समुद्र, लसूण आणि मागून केशर. तिखट कमी होतं. ते मी चटणीनं भागवलं. उत्तम होता. आता लिहितोय म्हणून कबूल करतो, तेव्हा मी फक्त "बरा आहे" म्हणालो होतो.

जेवण झाल्यावर मी विचारलं, "या पदार्थाचं बुय्याबेस असं नाव का? कुणाचं आडनाव आहे का?" रेमोंनं हात पुसले, खुर्ची ओढून बसला. आशू त्याचं एकेक वाक्य मला सांगत गेली.

हा शब्द पॅरिसच्या फ्रेंचमधला नाही. इथल्या जुन्या बोलीतला आहे. रेमोंच्या आजोबांनी शाळेत ती बोली तोंडातून काढली की मास्तर शिक्षा करायचे. मी मान डोलावली. सटाण्याहून नवीन आलो तेव्हा माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी अहिराणीतलं 'शे' निघालं की भटारखान्यातली पोरं खिदळायची, ते आठवलं. त्या बोलीत 'बुय' म्हणजे उकळतंय आणि 'आबेस' म्हणजे खाली घे. कोळी पहाटे समुद्रावरून आले की चांगले मासे बाजारात जायचे. काट्यांचे, वाकड्या तोंडाचे, कुणी न घेणारे मासे उरायचे. ते किनाऱ्यावरच कढईत टाकून खाली लाकडं पेटवायची. भांड्याला उकळी आली की एकानं ओरडायचं, उकळलं, खाली घ्या! तेच त्या जेवणाचं नाव पडलं. गरिबाचं जेवण होतं, आज लोक ते खायला विमानानं येतात. आपल्याकडं हायवेच्या ढाब्यावर पिठलं-भाकरीला मोटारींची रांग लागते, त्यातलाच प्रकार.

"कुणी म्हणतं एका मठातल्या मोठ्या बाईंनी हा पदार्थ काढला, त्यांच्यावरून नाव," आशू म्हणाली. "कुणी म्हणतं खाली जातो तो जाळ नाही, आटून रस्साच खाली जातो." रेमोंनं तोंडानं 'पफ्फ' असा आवाज काढला. "वाद घालणाऱ्यांना घालू दे. ज्यानं भांडं सांभाळलंय त्याला कुणी नाव समजावून सांगावं लागत नाही."

आशू माझ्याकडं बघत होती. "नाना, ओळखीचं वाटतंय का काही?"

"नाही बुवा," मी म्हणालो आणि बँडेजकडं बघत बसलो.

चक्क खोटं बोललो. न वाटायला काय झालं? माझीच हाळी ती! पण ती कबूल केली असती तर मनमाडची गोष्ट निघाली असती. आशू बारा वर्षांची होती. मनमाडजवळच्या एका गावात हळदीचं काम होतं, सुमन माहेरी गेली होती म्हणून पोरीला बरोबर नेलेलं. संध्याकाळी मी नवऱ्या मुलाच्या मामांशी गप्पा मारत मांडवात उभा राहिलो. इकडं उकळी फुटली. आशूनं पाहिली आणि माझ्यासारखीच ओरडली, "फुटली! ओढा!" एकही गडी हलला नाही. उलट हसले. "ए पोरी, तू कोन लय मोठी आचारी?" त्या हसण्यात रस्सा उतू गेला, सगळी तर्री चरात. मी धावत आलो आणि कुणावर ओरडलो? तिच्यावर. पन्नास माणसांसमोर. "तुझं काम नाही हे. परत चराजवळ दिसलीस तर बघ." चूक माझी होती. हाळी तिची बरोबर होती. हे मला त्याच दिवशी माहीत होतं, पण मी ते आजवर कधी बोललो नव्हतो.

कोळ्यांच्या देवाचा दिवस

चार दिवसांनी तिथल्या कोळ्यांच्या संताचा सण होता. गावाच्या टोकाला एक लहान बंदर आहे, तिथं तो होतो. सकाळी संताची मूर्ती होडीत बसवून समुद्रावर नेतात, पाण्यात फुलं टाकतात, आणि दुपारी सगळ्या वस्तीचं एकत्र जेवण. तीनशे माणसांचा बुय्याबेस, उघड्यावर, लाकडाच्या जाळावर, जुन्या पद्धतीनं. त्या दिवशी गॅसला बंदी. कढईजवळची हाळी गेली तीस-बत्तीस वर्षं रेमोंची. यंदा त्यानं जाहीर केलं की हाळी अश्विनीची.

घरातून निघताना आशूनं बूट घालता घालता मला सांगितलं, "आज नीट झालं तर रेमों किचन माझ्या हातात देणार आहेत. ते निवृत्त होतायत आता. सगळ्या कोळ्यांना ते पटलेलं नाही." मग खालीच बघून म्हणाली, "आणि नाही झालं, तर तुमच्या पिशवीत माझं तिकीट आहेच. त्या दिवशी बँडेजचं सामान शोधताना पाहिलं."

"अगं, तुझी आई..." एवढंच म्हणालो.

"माहितेय मला. म्हणून तर म्हणतेय. फसलं तर येते."

खरं सांगतो, बंदरावर पोचेपर्यंत माझ्या मनात एकदा येऊन गेलं, की फसू दे. बापाच्या मनात असं यावं? पण आलं.

धक्क्यावर तीन दगडांवर चढवलेली काळीभोर कढई होती, दोन माणसं आत बसतील एवढी. खाली लाकडं रचलेली. जवळ गेलो आणि वास आला. द्राक्षाच्या वेलीची खोडं! नाशिकच्या माणसाला तो वास सांगावा लागतो का? जुना बाग उपटला की आम्ही ती खोडं टेम्पोनं आणतो. भडकन पेटतात, मोठी आच देतात. मी डाव्या हातानं दोन खोडं सारखी केली. जाड्या मिशांचा एक कोळी माझ्याकडं संशयानं बघत होता, मग त्यानंही एक खोड मी ठेवलं तसं तिरपं ठेवलं. आमचं इतकंच बोलणं.

आशू स्टुलावर उभी, हातात लांब दांड्याचा झारा. आधी कडक मासे, मग मऊ. चार कोळी चार बाजूंना लोखंडी आकडे घेऊन उभे. रेमों खुर्चीत, मी त्याच्या शेजारी. रस्सा फुगायला लागला, केशरानं पिवळाधमक. कडेनं बुडबुडे, मग मधोमध एक मोठा फुगा वर आला आणि उकळी फुटली.

आणि माझ्या तोंडून हाळी गेली. "फुटली! ओढा!"

देवाशपथ सांगतो, मुद्दाम नाही. पाव तासाचं मला सांगितलेलं होतं. पण ते कानात गेलं होतं, हाडात गेलं नव्हतं. हाडात पस्तीस वर्षांची हाळी. मी उभा राहून अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशी दिली.

आणि चारही कोळ्यांनी आकडे लाकडांना घातले!

मी थक्क झालो. सातासमुद्रापलीकडचे ते गडी, त्यांना 'ओढा' कळलं कसं? पण विचार करायला वेळ कुठं होता? एक खोड निम्मं बाहेर आलं, कढईचा आवाज उतरायला लागला. आत्ता जाळ गेला असता तर तेल वर येऊन तरंगलं असतं, आणि पोरीचं किचन गेलं असतं. माझ्यामुळं. दुसऱ्यांदा.

"नाही!" आशू स्टुलावरून ओरडली. पाठोपाठ फ्रेंचमध्ये एक शब्द. मग माझ्याकडं बघून, शांत आवाजात, "नाना, अजून नाही. बसा."

चौघांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. खोडं परत आत सारली. जाळ पुन्हा चढला, कढई पुन्हा खदखदली. मी बसलो. रेमोंनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढला नाही. पाव तास इतका मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं. ती कढईवरून नजर हलवत नव्हती. रस्सा हळूहळू दाटसर झाला, तेलाचे डोळे एकेक करून मिटले. मिशावाला कोळी मधूनच तिच्याकडं बघायचा, आता का, म्हणून. ती मान हलवायची, नाही.

मग तिनं झारा वर उचलला, आणि आमच्या सटाणा-सिन्नरच्या शेतात घुमते तीच हाळी त्या परक्या समुद्रावर घुमली.

"ओढा!"

चार आकडे, चार खोडं, एका झटक्यात बाहेर. कढई खाली बसली. पंगतीतल्या बाया-माणसांनी टाळ्या वाजवल्या. मिशावाल्यानं वाडग्यात रस्सा घेतला, उन्हात तिरपा करून तेल दिसतंय का ते पाहिलं, प्याला, आणि वाडगा परत तिच्यापुढं धरला. मी रडलो. लपवायचं कशाला? धूर डोळ्यांत गेला असं सांगायची सोयही नव्हती, वारा उलट्या बाजूला होता.

जेवणं उरकल्यावर आम्ही दोघं धक्क्यावर पाय सोडून बसलो. मी विचारलं, "यांना आपली हाळी कुणी शिकवली?"

"कुणी नाही. इथं आले त्या पहिल्याच आठवड्यात भांडं उकळलं आणि माझ्या तोंडून तीच गेली. सगळे हसले. रेमोंनं विचारलं, ही काय म्हणाली? मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, हसता काय, या पोरीनं आपल्या रश्श्याचं नाव घेतलंय. तेव्हापासून किचनमध्ये तीच चालते. सणाला मी दरवर्षी मदतीला यायचे, रेमों इथंही तीच द्यायचे, त्यात या चौघांनी उचलली."

"आशू," मी म्हणालो, "मनमाडला तुझी हाळी बरोबर होती. चुकलो होतो मी."

ती पाण्याकडं बघतच म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"नाही विसरलो. कॉलेजवाल्यांना मी फोन करतो. दिवाळीला मात्र ये, नाहीतर तुझी आई मला घरात घेणार नाही."

परत

दार उघडलं ते सुमननंच. माझ्या मागं जिन्यात पाहिलं. कुणी नाही. चिडली की ती माहेरच्या अहिराणीवर येते. "पोर कोठे शे?" बस्स, एवढंच. मग दोन दिवस अबोला. चहाचा कप टेबलावर आदळायचा आणि आत जायची.

तिसऱ्या दिवशी मी गंगापूर धरणावरून मासे आणले. गच्चीवर तीन विटा मांडल्या, ओळखीच्या बागायतदाराकडून द्राक्षाची खोडं आणली, पातेलं चढवलं. रास्कास कुठून आणणार? रोहू आणि वाम घेतली. सुमन श्रीखंडातही मोजून घालते ते केशर तिच्या डबीतून विचारून काढलं. ती खुर्ची घेऊन येऊन बसली. बोलायला नाही, केशर किती घालतो ते बघायला. उकळी फुटली. मी जागचा हललो नाही.

"अहो, फुटली की!"

"पाव तास थांबायचं," मी म्हणालो आणि तिला सगळं सांगितलं. रेमों, नाव, त्या नावाचा अर्थ.

"म्हणजे तुमचीच हाळी," सुमन म्हणाली. "मग एवढ्या लांब राहून पोर तिथं वेगळं काय करते?"

"तिथं हाळी ती देते. आणि माणसं ओढतात."

मनमाडहून आल्यावर आशू चार दिवस नीट जेवली नव्हती, ते सुमननंच पाहिलेलं. पदरानं नाक पुसून म्हणाली, "आणि तुमची?"

"माझी? दिली ना. भर बंदरावर दिली. तिनं नको म्हटल्यावर कुणी हिंग लावूनसुद्धा विचारलं नाही!"

हे मी इतक्या ऐटीत सांगितलं की सुमनला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आणि हसतेय. मग ती पातेल्यावर वाकली, रस्सा निरखून पाहिला. पस्तीस वर्षांत तिनं माझ्या पातेल्याशेजारी उभं राहून कधी एक शब्द काढलेला नव्हता.

"झाला पाव तास," ती म्हणाली. "बघत काय बसलात? ओढा."

मी ओढलं.